नको म्हटलेली नर्स

माझं काम नेमकं काय आहे हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. पुण्यात शेजारणींनी विचारलं की त्या सांगायच्या, "आमची सून जर्मनीत बसून आफ्रिकेतल्या लोकांना हात धुवायला सांगते." ऐकणारीला वाटायचं, म्हातारीचं काहीतरी बिनसलंय. पण खरं सांगायचं तर माझ्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन आमच्या संस्थेच्या माहितीपत्रकातसुद्धा नव्हतं.

आमचे हे मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, म्हणून आम्ही कोलोनला. मी पुण्यात समाजकार्याचं शिक्षण घेतलं होतं. मुलगी शाळेत जायला लागल्यावर जर्मन शिकले, आणि नोकरी लागली ती एका बेकरीच्या वरच्या मजल्यावरच्या छोट्या संस्थेत. आफ्रिकेच्या आग्नेय भागात मलावी नावाचा लहानसा देश आहे. तिथल्या डोंगराळ भागातल्या गावांमध्ये बायकांच्या आरोग्य समित्या होत्या, आणि त्यांना आमची संस्था मदत करायची. मी या संस्थेत रुजू झाले तेव्हा वाटलं होतं वर्ष-दोन वर्षं करू. निवृत्त झाले तीच तिथून.

बाहेरच्यांना वाटतं आरोग्याचं काम म्हणजे डॉक्टर, सुया आणि औषधं. आमच्या कामात यातलं काहीच नव्हतं. समितीतल्या बाया घरोघरी जायच्या. पाणी उकळा, मच्छरदाणी पलंगावर लावा, मासे पकडायला नेऊ नका, दिवस भरत आले की इस्पितळाच्या गावी नातेवाइकांकडे जाऊन राहा, असं सांगायच्या. सांगायच्या म्हणजे गाऊन सांगायच्या. प्रत्येक सल्ल्याचं एक गाणं होतं, आणि मच्छरदाणीच्या गाण्यात तर नवऱ्यांची यथेच्छ टिंगल होती. गावच्या झाडाला वजनकाटा टांगायचा, त्याच्या आकड्याला कापडाची झोळी अडकवायची आणि त्यात एकेक मूल बसवून वजन करायचं. मूल हडकत असेल तर आईशी बोलायचं. हे झालं निम्मं काम.

उरलेल्या निम्म्या कामाला इंग्रजीत अॅडव्होकसी म्हणतात. मराठीत सरळ सांगायचं तर सरकारी कचेरीत जोडे झिजवणं, पण एकट्याने नव्हे, सगळ्या गावाने मिळून. हक्काचं आहे ते मागायचं आणि मिळेपर्यंत मागत राहायचं. जर्मनीतल्या देणगीदारांना पहिलं निम्मं काम फार आवडायचं. दुसऱ्या निम्म्याचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पडायचा, कारण त्याचा फोटो काढता येत नाही.

देणगीदार मात्र एकेक नमुने होते. हॅनोव्हरच्या एका गृहस्थांना वारलेल्या आईचा विजेवर वरखाली होणारा पलंग मलावीला पाठवायचा होता. मी म्हटलं, त्या गावात वीज नाही. ते म्हणाले, येईल तेव्हा वापरा. पुढे दर नाताळाला त्यांचा फोन यायचा, वीज आली का म्हणून. एका आजीबाईंनी तान्ह्या बाळांसाठी लोकरीच्या टोप्या विणून पोतंभर पाठवल्या, तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. आफ्रिकेत लोकर. पण तिथल्या डोंगरांवर जून-जुलैत हुडहुडी भरते, आणि तिकडून निरोप आला की टोप्या अजून असतील तर द्या. मी गपचूप आजीबाईंना फोन लावला.

या सगळ्या लोकांत मला सगळ्यात जास्त आदर होता तो आल्मुट केसलर यांच्याबद्दल, आणि सगळ्यात जास्त धाकही त्यांचाच. कोलोनच्या बाहेर एका खेडेगावात जन्म काढलेली ही सुईण. त्या वेळी सत्तरीच्या पुढे होत्या, तरी सायकलवरून फिरायच्या. गावातले बरेचसे कर्तेसवरते लोक त्यांच्याच हातून जगात आलेले, त्यामुळे चर्चच्या पाद्रीबुवांनासुद्धा त्या दटावायच्या. गावातल्या म्हाताऱ्या मंडळींचा त्यांनी एक क्राइस केला होता, म्हणजे आपल्याकडच्या मंडळासारखंच. केक विकून, जुनी पुस्तकं विकून, नाताळच्या बाजारात मुरंबे विकून या मंडळाने मलावीतल्या एका गावात छोटा दवाखाना बांधून दिला होता. तिथल्या सरकारने कबूल केलं होतं की इमारत तुम्ही बांधा, बाळंतपणाची नर्स आम्ही देऊ.

इमारत झाली. पलंग आले, सौरदिवा लागला, दाराला कुलूप लागलं आणि ते लागलेलंच राहिलं. नर्स काही येईना. इस्पितळ तालुक्याच्या गावी, आणि पावसाळ्यात मधला रस्ता चिखलात जायचा. अडलेल्या बायांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून, नाहीतर बैलगाडीतून न्यावं लागायचं, आणि सगळ्याच पोचायच्या नाहीत.

त्या गावच्या समितीची प्रमुख एस्नात. आधी शाळामास्तरीण होती. अंगाने जाडजूड, बोलणं संथ. हसायला लागली की समोरच्याला कारण माहीत नसतानाही हसू यायचं. तिकडे बाईमाणसाला मानाने 'अमायी' म्हणतात, म्हणजे आईच, त्यामुळे ती मला अमायी मेधा म्हणायची. आमची भाषा इंग्रजी, तिची एक ढब आणि माझी दुसरी. एका वर्षी आम्ही तिला देणगीदारांच्या भेटीसाठी जर्मनीला बोलावलं. ऑक्टोबर होता, आणि तिला सतत थंडी वाजायची.

फ्राऊ केसलर, म्हणजे केसलरबाई, यांच्या मंडळाने तिच्यासाठी रविवारी दुपारी चर्चच्या सभागृहात कॉफी आणि केकचा बेत केला. मी दुभाषी. एस्नातने कुलूपबंद दवाखान्याची हकिगत सांगितली. ती संपताच फ्राऊ केसलर उठल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. त्या म्हणाल्या की मंडळाने ठरवलंय, नर्सचा पगार आता आम्ही देणार. शहरातल्या खासगी इस्पितळातली नर्स बघा, महिनाभरात आणा, कुलूप काढा. सगळ्यांनी टेबलावर बोटांनी टकटक केली. तिकडे टाळ्यांऐवजी असंच करतात. मीसुद्धा केली. मला मनापासून आनंद झाला होता.

मी भाषांतर केलं. एस्नातने कपातली कॉफी संपवली, आभार मानले, आणि म्हणाली की ही नर्स आम्हाला नको.

मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. मी हळूच विचारलं, असंच सांगू का? ती म्हणाली, असंच सांग.

मी सांगितलं. आणि पुढचं तिने बोलावं नि मी सांगावं असं चाललं. "नर्स द्यायचं आमच्या सरकारने कबूल केलंय. तुम्ही पगार सुरू केलात की कचेरीतले साहेब म्हणतील, बरं झालं, त्या गावाचं भागलं. मग आमच्या गावाचं नाव ते परत घेणार नाहीत. आणि तुम्ही किती वर्षं द्याल? तुमची वयं काय आहेत?"

या शेवटच्या प्रश्नाशी मी अडखळले. सभागृहात एकही केस काळा नव्हता. पण असंच सांग म्हणाली होती, म्हणून सांगितलं. या वेळी टकटक झाली नाही. कोणीतरी केकची सुरी खाली ठेवली तेवढा आवाज आला.

फ्राऊ केसलर अजून उभ्याच होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता थेट एस्नातकडे बघून विचारलं, "आत्ता तुमच्या गावात कोणी गरोदर आहे?"

"आहेत. माझी भाची तमांडा आहे. नाताळानंतर होईल."

"म्हणजे भर पावसात."

"हो."

"आणि तरी नको?"

एस्नातने रिकामा कप बशीत ठेवला. "तरी नको," ती म्हणाली.

फ्राऊ केसलर खाली बसल्या. मी जन्मात इतकं अवघड भाषांतर केलेलं नव्हतं, आणि त्यातला एकही शब्द अवघड नव्हता.

संध्याकाळी एस्नात आमच्याकडे जेवायला होती. मी पिठलं केलं होतं, पण तिने मक्याचं पीठ मागून घेतलं आणि गॅसजवळ उभी राहून नसिमा घोटायला घेतला. तिकडचं रोजचं अन्न ते, आपल्या उकडीपेक्षा बरंच घट्ट. हे ऑफिसच्या सवयीने टेबलाशी बसून मुद्दे मांडत होते. "हे बघ, कारखान्यात लाईन बंद पडली की आधी चालू करायची," ते मला म्हणाले, "मग बघायचं खर्च कोणाच्या खात्यात. तिला सांग ना हे." मुलीने वर मान न करता जर्मनमध्ये म्हटलं, बाबा, ती पाहुणी आहे. मी त्यांचं म्हणणं एस्नातला सांगितलं, कारण तेच माझंही म्हणणं होतं.

एस्नात ढवळत राहिली. मग म्हणाली की तमांडाची आई तिची धाकटी बहीण. दुसऱ्या बाळंतपणाला इस्पितळात नेताना वाटेतच गेली, बैलगाडीत. तमांडा तेव्हा रांगत होती. तेव्हापासून तिला एस्नातने वाढवलं.

"तुला वाटतं मला भीती वाटत नाही?" ती म्हणाली. "पण माझ्या बहिणीच्या वेळीही कोणीतरी दवाखाना चालवत होतं, बाहेरच्या पैशांवर. पैसे संपले, माणसं निघून गेली. सरकारने तिथे कधी पाय ठेवला नव्हता, कारण गरजच नव्हती. मग माझी बहीण गेली."

यावर आमच्या ह्यांनी ताटं मांडायला घेतली. नसिमा त्यांना फार आवडला, पिठल्याबरोबर दोनदा मागून घेतला.

एस्नातला हवं काय होतं? एका ट्रकचं भाडं. दर सोमवारी गावातल्या बायांना तालुक्याला आरोग्याच्या कचेरीत नेणारा ट्रक, एवढंच. मंडळाची पुन्हा बैठक झाली. निम्मे लोक म्हणाले की आपल्या सात्सुंगमध्ये, म्हणजे घटनेत, आजाऱ्यांना मदत असं लिहिलंय, मोर्चाला ट्रक असं नाही. जर्मन माणसाच्या मंडळाची घटना म्हणजे काय चीज असते ते तिथे राहिलेल्यांनाच कळेल. फ्राऊ केसलर यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सगळ्यात आधी हात वर केला. "मला पटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण गाव तिचं आहे." मग इतर हात हळूहळू वर गेले.

आता हे सोमवारचं आंदोलन कसलं होतं ते सांगते, कारण धरणं, घेराव, उपोषण हे सगळं बघून मोठी झालेली मी, असं काही कधी बघितलं नव्हतं. या बाया घोषणा देत नव्हत्या. कचेरीच्या आवारात आंब्याचं झाड होतं. त्याला त्यांनी वजनकाटा टांगला. झोळी अडकवली. चुली मांडल्या. आणि मुलांची वजनं घ्यायला लागल्या, हात धुण्याची, मच्छरदाणीची, बाळंतपणाची गाणी म्हणत, साहेबांच्या खिडकीखाली. शिपाई हाकलायला आला की सांगायच्या, आम्ही आरोग्य खात्याचंच काम करतोय, बाबा, आमच्या गावात करायला नर्स नाही ना. तालुक्याच्या गावातल्या बायकाही आपली पोरं घेऊन रांगेत उभ्या राहायला लागल्या. मला एस्नात फोनवर हे सांगायची तेव्हा मागून गाणी ऐकू यायची आणि मी कोलोनच्या कचेरीत खुर्चीतल्या खुर्चीत ठेका धरायचे. साहेबांनी आश्वासन दिलं. पुन्हा दिलं. सोमवार होत राहिले.

तमांडाला आधीच इस्पितळाच्या गावी नेऊन ठेवायचं ठरलं होतं. एका नातेवाइकाचं घरही बघून ठेवलं होतं. पण कळा लवकर सुरू झाल्या. पाऊस सुरू होता आणि ओढ्याला पाणी होतं. तमांडा वाचली. बाळ, मुलगा होता, वाटेतच गेलं.

एस्नातचा फोन आला तेव्हा मी नुकतीच कचेरीत येऊन कोट काढत होते. तिने थोडक्यात सांगितलं आणि फोन ठेवला. मी कोट परत घातला आणि आधी ट्राम, मग बस धरून फ्राऊ केसलर यांच्याकडे गेले. ही बातमी त्यांना फोनवर सांगायची माझी हिंमत नव्हती. सगळ्या वाटेत मी त्या काय म्हणतील याची तयारी करत होते. मी सांगितलं होतं, असं त्या म्हणतील. म्हणायचा त्यांना हक्क होता. त्या म्हणाल्या नसत्या तर कदाचित मीच म्हटलं असतं, इतका मला राग आला होता. कोणाचा ते कळत नव्हतं.

त्यांनी ऐकून घेतलं. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या. मग विचारलं, "दूध आलं का तिला?"

मला कळेना.

"आज नाही तर उद्या येईल. बाळ नाही हे शरीराला कळत नाही. दुखतं फार, आणि ताप येतो. तिच्याजवळ कोण आहे? फोन लावा."

मी तिथूनच फोन लावला. पुढचा बराच वेळ या दोन बायका माझ्या तोंडून एकमेकींशी बोलत होत्या. छाती कशी बांधायची, फार घट्ट नाही, गार पाण्याच्या घड्या, दूध काढायचं नाही, अगदीच सोसवेना तर थोडंसंच. कोबीची पानं मिळतात का? मिळतात. मग ती गार करून छातीवर ठेवा. मी एकीकडून ऐकत होते, दुसरीकडे सांगत होते, आणि माझे डोळे वाहत होते. त्या दोघी रडत नव्हत्या. त्यांचं काम चालू होतं.

शेवटी फ्राऊ केसलर थांबल्या. त्यांनी काही विचारलं नाही, पण एस्नात बोलली.

"त्यांना सांग, मला माहीत आहे. ती नर्स घेतली असती तर मुलगा आज जिवंत असता. हे मला कोणी सांगायला नको. आणि तुमचे पैसे संपल्यावर कोणाचा तरी मुलगा गेला असता, हेही मला माहीत आहे. त्याचं नाव मला माहीत नाही, एवढाच फरक."

मी भाषांतर केलं. फ्राऊ केसलर मान हलवत राहिल्या. पटलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते मी विचारलं नाही.

पुढच्या सोमवारी बाया जाणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर तमांडा गेली. एस्नातने मला शपथेवर सांगितलं की तिने भाचीला नको म्हटलं होतं, अंगात ताकद नाही म्हणून घरी थांबवलं होतं. तमांडा ऐकेना. आवारात ती इतर आयांबरोबर रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा तिने रिकामी झोळी काट्याला अडकवली आणि बाजूला झाली. गाणं बंद पडलं. खिडक्यांत माणसं आली, साहेब स्वतः पायऱ्या उतरून खाली आले. तमांडाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पूर्ण वेळ एस्नातकडे बघत होती.

पावसाळा संपायच्या आत नर्स आली. सरकारी नेमणूक, सरकारी पगार, राहायला खोली. कुलूप निघालं. मंडळाला फोटो पाठवला, त्यांनी तो चर्चच्या सभागृहात लावला. आमच्या संस्थेने या कामाचं फार कौतुक केलं, आणि मला ठिकठिकाणी बोलायला पाठवलं. मी सगळीकडे ट्रक, वजनकाटा आणि गाण्यांची गोष्ट सांगायचे. लोकांना आवडायची. तमांडापाशी मात्र मी नेहमी थांबायचे, कारण पुढचं काय सांगावं ते मला माहीत नव्हतं.

तमांडा मावशीशी बोलत नव्हती. भांडण नाही, आदळआपट नाही. रोज दवाखान्यात येऊन झाडलोट करायची, नर्सला पाणी आणून द्यायची, आणि एस्नात दारात आली की मागच्या दाराने निघून जायची. एस्नात हे मला हवापाणी सांगावं तसं सांगायची. फ्राऊ केसलर मात्र भेटल्या की त्यांचा पहिला प्रश्न हाच असायचा, बोलली का? मी नाही म्हणायचे. त्यांचं मंडळ दरम्यान आटोपलं होतं. काही गेले, काही वृद्धाश्रमात गेले, केक करायला हात उरले नाहीत. म्हणजे एस्नातने वयं विचारली होती ती बरोबरच होती. नर्सचा पगार मंडळावर असता तर त्या वर्षी कुलूप परत लागलं असतं. हे फ्राऊ केसलर यांनी स्वतः मला बोलून दाखवलं. पण म्हणून त्यांचं मत बदललं होतं असं नाही. अडलेल्या बाईला आज सुईण लागते, हे त्या तेव्हाही म्हणत होत्या आणि नंतरही म्हणत राहिल्या. मला विचाराल तर मला आजही ठरवता येत नाही, आणि ज्यांना झटकन ठरवता येतं त्यांच्याबरोबर काम करायला मला कधी फारसं आवडलं नाही.

माझ्या निवृत्तीच्या सुमारास एस्नातचा फोन आला. आवाज थकलेला होता. तमांडा पुन्हा गरोदर होती हे तिला गावातल्या इतरांकडून कळलं होतं, भाचीने सांगितलं नव्हतं. कळा सुरू झाल्याचंही शेजारणीकडून कळलं. ती दवाखान्याच्या बाहेर आंगणात बसून राहिली. आत जायची तिची हिंमत झाली नाही. मुलगी झाली, सुखरूप. नर्सने दारात येऊन सांगितलं की आत बोलावलंय.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही म्हणाली. बाळ माझ्या हातात दिलं आणि कूस बदलून झोपली."

दुसऱ्या दिवशी मी फ्राऊ केसलर यांच्याकडे गेले. त्यांना आता ऐकू कमी यायचं, म्हणून शेजारी बसून, जरा मोठ्याने, सगळं सांगितलं. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं त्यांना नीट ऐकू गेलं नसावं, म्हणून शेवटचं वाक्य मी पुन्हा सांगायला लागले. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून मला थांबवलं.

"बाळ तिच्याकडे देऊन झोपली ना," त्या म्हणाल्या. "मग झालं."